लॉ जर्नलला लेख पाठवताना: वाचला जाण्याआधीच परत येऊ नये म्हणून

एलएलएमचे विद्यार्थी, पीएचडीचे संशोधक, नव्याने लागलेले प्राध्यापक, कोर्टात चार-पाच वर्षं काढलेले तरुण वकील. लॉ जर्नलला लेख पाठवणाऱ्यांत हीच मंडळी जास्त, आणि त्यांच्या चुकाही ठरलेल्या. एका जर्नलकडे आलेले लेख चाळायचं काम मी काही वर्षं केलं. परत पाठवलेल्यांपैकी बऱ्याच लेखांच्या मजकुरापर्यंत आम्ही पोचलोच नव्हतो. शब्दमर्यादा दीडपट ओलांडलेली, तळटिपा तीन निरनिराळ्या पद्धतींच्या, आणि लेखकाचं नाव लपवायचं असताना फाइलचं नावच ‘फायनल पेपर’ आणि पुढे आडनाव.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. सगळ्यात महाग चूक क्रमाची असते: आधी लेख लिहायचा आणि मग त्याला जर्नल शोधत फिरायचं.

१. आधी जर्नल, मग लेख

जर्नल कोण चालवतं, हे पहिल्यांदा बघा. बंगळुरूचं ‘नॅशनल लॉ स्कूल ऑफ इंडिया रिव्ह्यू’ किंवा कोलकात्याचं ‘एनयूजेएस लॉ रिव्ह्यू’ यांचं संपादन विद्यार्थी करतात. ‘जर्नल ऑफ द इंडियन लॉ इन्स्टिट्यूट’ हे दिल्लीच्या त्या संस्थेचं. ‘इंडियन लॉ रिव्ह्यू’ टेलर अँड फ्रान्सिस छापतं. प्रत्येकाची लेख घ्यायची पद्धत, वेळ आणि अपेक्षा वेगळी. कुठे वर्षभर लेख घेतात, कुठे मुदत जाहीर होते, कुठे एखाद्या विषयावरचा विशेषांक असतो आणि त्याबाहेरचं काहीच चालत नाही.

मनात दोन-तीन जर्नलं आली की प्रत्येकाचे अलीकडचे तीन अंक उघडा. लेख किती लांबीचे आहेत? निकालांवरची छोटी टिपणं, म्हणजे केस कमेंट, छापतात का? भारतीय कायद्यावरचा लेख एकटा चालतो, की तुलनात्मक मांडणी हवी असते? तुमच्याच विषयावर गेल्या वर्षी कोणी लिहिलंय का? लिहिलं असेल तर त्या लेखाची दखल घेतल्याशिवाय तुमचा लेख तिथे जाऊच शकत नाही. तुमचा लेख परीक्षकाकडे, म्हणजे जर्नलने तो तपासायला नेमलेल्या जाणकाराकडे गेला, तर परीक्षक बहुधा त्याच लेखाचा लेखक असतो!

मग ‘लेखकांसाठी सूचना’ हे पान छापून घ्या. हो, कागदावर. शब्दमर्यादा, तिच्यात तळटिपा मोजतात की नाही, तळटिपांची पद्धत, गोषवाऱ्याची लांबी, फाइल वर्डमध्ये हवी की पीडीएफमध्ये, सहलेखक किती चालतात, हे सगळं पेनाने अधोरेखित करा. तळटिपा मोजतात की नाही या एका ओळीवर दोन-अडीच हजार शब्दांचा फरक पडतो.

*इशारा.* ‘यूजीसी केअर यादीत समाविष्ट’ अशी जाहिरात अजूनही दिसते. मान्य जर्नलांची ती यादी बंद केल्याचं विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसीने) फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं. आता फक्त सूचक निकष आहेत आणि ते लावून जर्नल पारखायची जबाबदारी संस्थांची आणि आपली. आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाचा आठ अंकी नोंदणी क्रमांक. तो असणं हा दर्जाचा दाखला नव्हे. तीन दिवसांत स्वीकृती, लगेच प्रमाणपत्र आणि खाली क्यूआर कोड, असं जिथे दिसेल तिथून निघा. प्रबंध सादर करण्याआधी जर्नलमध्ये लेख छापून आलाच पाहिजे, ही सक्ती आयोगाच्या २०२२ च्या पीएचडी नियमांत राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली असेल तर ती लेखी विचारून घ्या. पैसे भरून घाईने छापायची गरज त्यातून बरीच कमी होते.

२. प्रश्न एका वाक्यात बसवा

‘महाराष्ट्रातील भाडे नियंत्रण कायदा: एक चिकित्सक अभ्यास’ हे शीर्षक पाहिलं की संपादकाला पुढची पंधरा पानं न वाचता दिसतात: प्रस्तावना, इतिहास, कलमांचा सारांश, दहा निकाल, सूचना. हा प्रबंधाचा कापलेला तुकडा झाला. जर्नलला वाद लागतो.

त्याच कायद्यातून वाद कसा निघतो ते पाहा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल, तर अटींबद्दल जागा वापरणाऱ्याचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरायचं. दुसरीकडे कलम २४ चं स्पष्टीकरण म्हणतं, की लायसन्सचा लेखी करार त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा आहे. मग लेखी आहे पण नोंदवलेला नाही, असा करार सक्षम प्राधिकाऱ्यापुढे आला तर कोणतं कलम वरचढ? हा झाला प्रश्न. एका वाक्यात मावतो, दोन्ही बाजूंनी बोलता येतं आणि उत्तर द्यायला लेखच लागतो.

*तपासणी.* ‘या लेखात मी असं म्हणतो की…’ हे वाक्य पूर्ण करून भिंतीवर चिकटवा. ‘की’च्या पुढे ‘आढावा घेतला आहे’ येत असेल, तर लेख अजून तयार नाही.

३. तळटिपा: अर्धं काम इथेच आहे

तळटिपा शेवटच्या रात्री करायचं काम नाही. जर्नल अमेरिकेतली ब्लूबुक पद्धत मागतं, ऑक्सफर्डची ऑस्कोला मागतं की इंडियन लॉ इन्स्टिट्यूटची पद्धत मागतं, ते पहिल्या टप्प्यात कळलेलं आहे. पहिल्या टिपेपासून तीच पद्धत धरा. फरक वरवर बारीक दिसतात, पण संपादकाला ते चार ओळींत कळतात. ब्लूबुकमध्ये पक्षकारांच्या नावांमधल्या ‘व्ही’पुढे टिंब, ऑस्कोलात नाही. आधीच्या टिपेचा हवाला देताना ब्लूबुकमध्ये ‘सुप्रा नोट १२’ (म्हणजे वरची टीप १२) येतं, ऑस्कोलात कंसात फक्त ‘एन १२’. एकाच लेखात दोन्ही दिसले, की टिपा दोन निरनिराळ्या ठिकाणांहून उचलल्यात हे उघड होतं.

निकालाचा हवाला देताना हे सांभाळा:

पहिलं, संपूर्ण निकाल दाखवू नका, परिच्छेद दाखवा. केशवानंद भारती खटला, (१९७३) ४ एससीसी २२५, एवढं लिहून मूलभूत संरचनेबद्दल काहीही सिद्ध होत नाही. तेरा न्यायमूर्तींच्या त्या निकालात कोणत्या न्यायमूर्तींचं कोणतं वाक्य, ते सांगा. जुन्या निकालांत परिच्छेद क्रमांक प्रत्येक रिपोर्टरमध्ये, म्हणजे एससीसी, एआयआर अशा निकाल छापणाऱ्या मालिकांमध्ये, सारखे असतीलच असं नाही. त्यामुळे ज्या रिपोर्टरचा हवाला दिलाय त्यातलाच क्रमांक लिहा. एससीसीचा हवाला आणि एआयआरमधला परिच्छेद, ही जोडी फार वेळा सापडते.

दुसरं, हेडनोट म्हणजे कोर्टाचं म्हणणं नव्हे. ते रिपोर्टरच्या संपादकाने काढलेलं सार असतं. अवतरणचिन्हांत हेडनोट घालून पुढे ‘न्यायालय म्हणते’ असं लिहिलेला लेख मी तिथेच मिटलेला आहे.

तिसरं, नव्या निकालांना न्यूट्रल सायटेशन, म्हणजे न्यायालयानेच दिलेला क्रमांक, द्या. सर्वोच्च न्यायालयाने ते २०२३ पासून आणलं: वर्ष, मग ‘आयएनएससी’, मग क्रमांक. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रमांकात ‘बीएचसी’पुढे निकाल कुठल्या शाखेचा किंवा खंडपीठाचा तेही येतं. अपील शाखेसाठी ‘एएस’, मूळ शाखेसाठी ‘ओएस’, आणि औरंगाबाद, नागपूर, गोवा या खंडपीठांची आपापली अक्षरं. ही अक्षरं गाळली तर निकाल सापडत नाही. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत रिपोर्ट ई-एससीआरवर फुकट आहेत, तेव्हा ब्लॉगवरून हवाला उचलायला आता सबब नाही.

चौथं, निकाल अजून जिवंत आहे का ते पाहा. समलिंगी संबंधांवरचा सुरेश कुमार कौशल, २०१३, हा निकाल नवतेज जोहर, २०१८, ने उलटवलेला आहे. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तुमच्या उच्च न्यायालयाच्या छोट्याशा निकालाचं पुढे सर्वोच्च न्यायालयात काय झालं, हे कोणी बघत नाही.

आणि सध्याचा सगळ्यात घसरडा मुद्दा म्हणजे कलमांचे आकडे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, ते आता नागरिक सुरक्षा संहितेत ५२८ आहे. आणि नव्या संहितेचं ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जो पूर्वी ४३८ होता. म्हणजे लेखात नुसतं ‘कलम ४८२’ लिहिलं, तर वाचणारा दोन वेगळ्या गोष्टी समजू शकतो. भरीला, त्या तारखेला प्रलंबित असलेली प्रकरणं जुन्याच संहितेखाली पुढे चालतात, म्हणून निकाल २०२५ चा असला तरी त्यातलं ४८२ जुनं असू शकतं. प्रत्येक वेळी कलमासोबत कायद्याचं नाव लिहा. कंटाळवाणं वाटलं तरी लिहा.

महाराष्ट्रातल्या विषयांवर लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक. लेख इंग्रजीत, आणि आधार मात्र मराठी शासन निर्णय, फेरफार नोंदी, सातबारा. शासन निर्णयाचा विभाग, क्रमांक, दिनांक आणि शेवटी छापलेला संकेतांक, चारही द्या. मूळ मराठी ओळ रोमन लिपीत टिपेत द्या, अनुवाद मजकुरात घ्या आणि ‘अनुवाद लेखकाचा’ असं लिहा. ‘सातबारा’ला ‘लँड रेकॉर्ड’ म्हणून सोडू नका. तो अधिकार अभिलेख आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. मराठी न येणाऱ्या परीक्षकाला हा भेद तुमच्याशिवाय कोण सांगणार?

*इशारा.* टिपेतला ‘सुप्रा नोट १२’ हा आकडा हाताने टाइप करू नका. मध्ये एक टीप घातली की खालचे सगळे आकडे चुकतात. वर्डमध्ये ‘रेफरन्सेस’ टॅबमधून ‘क्रॉस-रेफरन्स’ निवडून तो जोडा. मग कंट्रोल-ए आणि एफ९ दाबलं की आकडे ताजे होतात. मात्र मजकुरात उभं राहून दाबलं तर टिपांमधले आकडे तसेच राहतात. कर्सर टिपेत नेऊन तिथे पुन्हा कंट्रोल-ए, एफ९ करावं लागतं. हे मला कळेपर्यंत माझा एक लेख चुकीच्या सदतीस टिपांसह जाऊन आला होता.

*इशारा.* एआयकडून हवाले घेतले असतील, तर प्रत्येक निकाल स्वतः उघडून पाहा. न्यूयॉर्कच्या माता विरुद्ध एव्हिआंका प्रकरणात चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल कोर्टापुढे ठेवले गेले. २०२३ मध्ये दोघा वकिलांना आणि त्यांच्या फर्मला मिळून पाच हजार डॉलरचा दंड झाला. जर्नल दंड करणार नाही, पण तुमचं नाव लक्षात ठेवील.

४. साम्य तपासून घ्या

आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांत इतर मजकुराशी दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ मानलंय. त्यापुढे चाळीसपर्यंत पहिली पातळी, साठपर्यंत दुसरी, साठच्या वर तिसरी. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, कायद्यांचा मजकूर आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोग त्यातून वगळतात. हे नियम उच्च शिक्षण संस्थांसाठी आहेत. जर्नल आपली रेषा वेगळी आखू शकतं.

कायद्याच्या लेखात आकडा फुगतो तो कलमं आणि निकाल लांबलचक उद्धृत केल्याने. पानभर उतारा कापून तीन ओळींवर आणा. आपलाच पीएचडीचा प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात असेल, तर त्यातून उचललेले परिच्छेदही साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अहवालात दिसतात. लेख प्रबंधावर बेतला आहे हे संपादकाला पत्रात सांगून टाका. लेखात मात्र अजून नाही, कारण पुढचा टप्पा.

५. स्वतःचं नाव पुसा

परीक्षण नाव झाकून होतं. म्हणजे लेखाच्या फाइलमध्ये तुमचा माग राहता कामा नये. पहिल्या पानावरचं नाव काढणं एवढं सगळे करतात आणि तिथेच थांबतात.

मूळ फाइलची प्रत काढा आणि पुढचं सगळं प्रतीवर करा. वर्डमध्ये ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘चेक फॉर इश्यूज’, मग ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’. कॉमेंट्स आणि ट्रॅक चेंजेस आधी निकालात काढा, कारण प्रत्येक दुरुस्तीवर दुरुस्ती करणाऱ्याचं नाव असतं. गाइडच्या कॉमेंट्स तशाच राहिलेला एक लेख आमच्याकडे आला होता. एका परिच्छेदाशेजारी लिहिलेलं होतं, ‘हे तुला स्वतःला तरी पटतंय का?’ परीक्षकाला वेगळं लिहायची गरजच उरली नाही.

आभाराची टीप काढा. ‘माझ्या २०२१ च्या लेखात मी दाखवल्याप्रमाणे’ हे वाक्य तृतीयपुरुषी करा: अमुक लेखकाने २०२१ मध्ये असं मांडलं. ते नाव तुमचंच असलं तरी परीक्षकाला ते इतर लेखकांसारखंच दिसतं. मुलाखती घेतल्या असतील तर ‘आमच्या महाविद्यालयाच्या कायदा मदत केंद्रात’ असले उल्लेख सैल करा. फाइलचं नाव शीर्षकातल्या दोन-तीन शब्दांचं ठेवा.

*तपासणी.* कंट्रोल-एफ दाबून आडनाव, महाविद्यालय, गाव, गाइडचं आडनाव, चारही शोधा. हेडर आणि फूटर डोळ्यांनी बघा.

६. गोषवारा आणि पत्र

गोषवारा दीडशे-दोनशे शब्दांचा असतो. त्यात प्रश्न, उत्तर आणि उत्तरापर्यंत कसे पोचलात एवढं येऊ द्या. निष्कर्ष गुपित ठेवू नका, ही रहस्यकथा नाही.

संपादकांना पत्र पाच-सहा ओळींत आटपा. लेखाचं शीर्षक, शब्दसंख्या, टिपा धरून की वगळून, लेख अन्यत्र पाठवलेला नाही, प्रबंधावर बेतलाय का, निधी किंवा हितसंबंध आहे का. लेखातल्या एखाद्या खटल्यात तुम्ही स्वतः वकील असाल तर ते इथे सांगायलाच हवं. परीक्षकाला ते दुसऱ्याकडून कळलं तर लेखाचं भलं होत नाही. ‘आपल्या सुप्रतिष्ठित नियतकालिकात’ वगैरे गाळा.

७. एका वेळी एकच जर्नल

गोंधळ इथे होतो, कारण दोन परंपरा आहेत. अमेरिकेतल्या विद्यार्थी-संपादित लॉ रिव्ह्यूंना एकच लेख एकाच वेळी अनेकांकडे पाठवणं रीतसर चालतं, स्कोलास्टिकासारखी व्यवस्था त्यासाठीच आहे. परीक्षक नेमणाऱ्या बहुतेक जर्नलांना ते अजिबात चालत नाही, आणि भारतातल्या अनेक विद्यार्थी-संपादित जर्नलांनाही नाही. सूचनांच्या पानावर ‘एक्सक्लुझिव्ह’ शब्द शोधा. स्पष्ट लिहिलेलं नसेल तर एकाकडेच पाठवा.

सहलेखकांचा क्रम पाठवण्याआधी ठरवा, मेलवर लेखी. ज्याने काही लिहिलं नाही त्याचं नाव घालू नका, मग ते गाइड असोत वा विभागप्रमुख. हे बोलायला जड जातं हे मान्य. ‘सर, जर्नल प्रत्येकाचं योगदान वेगळं लिहून मागतंय’ एवढं म्हटलं तरी बऱ्याचदा विषय सुटतो.

पोच आली की ती जपून ठेवा. सूचनांत सांगितलेला काळ उलटून दोन-तीन आठवडे गेले की एक ओळीची नम्र चौकशी करा. दुसरीकडे पाठवायचं ठरलं, तर आधी लेख मागे घेतल्याचा मेल करा, त्याची पोच येऊ द्या, मगच पाठवा.

८. परीक्षकांना उत्तर

‘दुरुस्ती करून पुन्हा पाठवा’ हा नकार नव्हे. हे वाचून लेख कपाटात ठेवून देणारे मी पाहिलेत, आणि हळहळलो आहे.

मेल वाचून दोन दिवस काही करू नका. मग तीन रकाने आखा: परीक्षकाचा मुद्दा जसाच्या तसा, तुमचं उत्तर, आणि बदल कुठल्या पानावर. एकही मुद्दा गाळू नका, टायपिंगची चूक दाखवली असेल तीसुद्धा. न पटलेल्या मुद्द्याला उत्तर असं असावं: ‘कलम २४ चं स्पष्टीकरण विशेष तरतूद आहे हा परीक्षकांचा मुद्दा बरोबर आहे. मात्र कलम ५५ ने नोंदणी न करण्याचा परिणामही सांगितला असल्याने माझा निष्कर्ष कायम ठेवला आहे. ही हरकत आणि तिचं उत्तर आता पान ११ वर घेतलं आहे.’ हरकत लेखात आली की परीक्षकाचं समाधान होतं, आणि लेखही पक्का होतो. दोन परीक्षक परस्परविरोधी सांगत असतील, तर कोणाचं ऐकलं आणि का, ते संपादकांना सरळ लिहा.

९. स्वीकृतीनंतर

कॉपीराइटचा फॉर्म सही करण्याआधी वाचा. छापून आलेली प्रत स्वतःच्या पानावर ठेवता येते का, आणि प्रबंधात किंवा पुस्तकात लेख वापरता येतो का, या दोन ओळी शोधा.

प्रूफ आलं की नवे विचार सुचतात. ते राहू द्या. प्रूफात चुका दुरुस्त करायच्या, परिच्छेद बदलायचे नाहीत. मधल्या काळात कायदाच बदलला किंवा निकाल उलटला असेल, तर संपादकांना विचारून एक टीप जोडता येते. प्रूफ वाचताना क्रम उलटा ठेवा: आधी टिपा, मग मजकूर. निकालांची वर्षं, खंड, पान आणि कलमांचे आकडे पुन्हा एकदा मूळ निकालाशी ताडा, कारण मांडणी करताना आकडे हलतात. पाचव्या टप्प्यात पुसलेलं नाव, हुद्दा आणि आभार आता पहिल्या पानावर तारांकित टिपेत परत येतात. तिथलं आडनावाचं रोमन स्पेलिंग प्रबंधावरच्या आणि ओआरसीआयडी या संशोधकांच्या ओळख क्रमांकाच्या सोळा अंकी नोंदीवरच्या स्पेलिंगशी जुळतंय का, ते बघून मगच ‘ओके’चा मेल करा.